बिघडलेल्या रॅमला वळसा

लॅपटॉप सारखा हँग होतोय म्हणून ठाणे स्टेशनाजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलात, तर बहुधा दोनपैकी एक निकाल मिळेल: ‘फॉरमॅट मारू’ नाहीतर ‘रॅम गेली, बदला’. कुणी रॅमच्या सोनेरी टोकांवर खोडरबर घासूनही देतो. त्याला हसू नका. खाडीकाठच्या दमट हवेत तिथे मळ धरतो आणि खोडरबराने तो खरंच निघतो. थापा म्हणायच्याच तर रॅम ‘स्वच्छ’ करणाऱ्या मोबाइल ॲपांच्या.

पण रॅम गेली म्हणजे नेमकं काय गेलं? ८ जीबीत सुमारे ६,८७० कोटी बिट, म्हणजे ० किंवा १ साठवणाऱ्या जागा, असतात. प्रत्येक बिट विजेचा भार साठवणाऱ्या एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये असतो. त्यातला भार गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. एखादा त्याआधीच रिता झाला, की साठवलेला बिट उलटतो. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम रॅम ४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे पानांत, वाटते. ८ जीबीत अशी २०,९७,१५२ पानं. त्यातली पाच-दहा टाळली तर कुणाला कळणारही नाही! रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर दुसरा स्वस्त इलाजही नसतो.

लिनक्सला रॅमचे खराब भाग टाळायला लावणाऱ्या, रिक व्हान राइन यांच्या ‘बॅडरॅम’ची खुबी इथे आहे. रॅममधल्या खराब जागांच्या पत्त्यांची यादी करण्याऐवजी एक पत्ता आणि एक मास्क द्यायचा. मास्कमध्ये जिथे १, तिथे पत्त्याचा बिट जुळलाच पाहिजे. जिथे ०, तिथे काहीही चालेल. चार बिटांचा पत्ता घ्या: १०१०, म्हणजे दहा. मास्क ११०० दिला, तर ८, ९, १०, ११ हे सलग पत्ते बाद. तोच मास्क ००११ केला, तर २, ६, १०, १४: दर चौथा! चिपमध्ये बिट ओळी-स्तंभांत मांडलेले असल्याने अख्खा स्तंभ गेला, की दोष असेच ठरावीक अंतराने येतात. हजारो दोष एका जोडीत मावतात.

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पत्ता-मास्कच्या अशा जोड्या स्वतःच काढून देतं. त्या ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ‘ग्रब_बॅडरॅम’ ओळीत टाकायच्या. दुसरा मार्ग कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ‘मेममॅप’ पर्यायाचा: खराब भागाचा आकार, डॉलरचं चिन्ह, सुरुवातीचा पत्ता. ग्रबच्या फाइलमध्ये त्या डॉलरआधी बॅकस्लॅश लावावे लागतात, नाहीतर ग्रब त्याला व्हेरिएबल समजून गिळतो.

कर्नलला ‘मेमटेस्ट’ हा पर्याय दिला, तर तो सुरू होतानाच रॅम तपासून सापडलेले खराब भाग बाजूला ठेवतो. पण ती तपासणी वरवरची. गरम झाल्यावरच चुकणारे बिट पकडायचे, तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवावं.