माळाला कायद्यात जागा कुठे?

पावसाळा सरल्यावर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर चालून आलं की घरी पहिलं काम असतं ते कपड्यांत रुतलेली कुसळं उपटण्याचं. त्यातलं एक वाळकं कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. क्षणभरात त्याची पिळलेली शेपटी उलगडत गरगर फिरू लागते. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्या भांडवलावर कुसळी गवताचं बी गिरमिटासारखं स्वतःला जमिनीत पेरून घेतं.

आणि ही जमीन आपल्या बोलण्यात 'पडीक', सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणजे लागवडीला निरुपयोगी, फार तर 'गायरान'.

कुसळी, पवन्या, मारवेल ही सगळी उष्ण प्रदेशातली सी-4 गवतं. कडक उन्हात आणि थोडक्या पाण्यात हवेतला कर्ब ओढून घेण्याची त्यांची रीत वेगळी आहे, आणि सावली त्यांना अजिबात सोसत नाही. भारतीय उपखंडात ही गवतं सुमारे 70-80 लाख वर्षांपूर्वी पसरू लागली, हे हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीतल्या कर्बाच्या खुणांवरून कळतं. तेव्हा कुऱ्हाड सोडाच, ती उचलणारा माणूसही नव्हता. 'इथे पूर्वी दाट जंगल होतं, लोकांनी तोडलं' ही समजूत माझ्याही मनात लहानपणापासून होती. सोलापूरच्या माळाला ती लागू पडत नाही. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, मुरमाड जमीन, चरणारी जनावरं आणि अधूनमधून लागणारा वणवा, यांतून घडलेली ही मूळचीच गवताळ सृष्टी आहे.

कायद्याने मात्र ती कधी नीट पाहिलीच नाही. 1927 चा भारतीय वन अधिनियम इंग्रजांनी केला तो इमारती लाकूड आणि महसूल नजरेसमोर ठेवून. त्यात 'वनोपज' म्हणजे काय हे सांगितलं आहे, त्यात गवतही येतं. पण 'वन' म्हणजे काय, याची व्याख्याच नाही. 1980 च्या वन संवर्धन कायद्यातही ती नव्हती. अखेर 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वन म्हणजे शब्दकोशात जे वन ते, शिवाय सरकारी दफ्तरात वन म्हणून नोंदलेली कुठलीही जमीन, मालकी कुणाचीही असो. या निकालाने देशातली पुष्कळ झाडी वाचली. पण शब्दकोशातलं वन झाडांचंच असतं. त्यामुळे जो माळ वनखात्याच्या दफ्तरात आहे त्याला संरक्षण मिळतं, आणि बांधापलीकडचा तसाच माळ गायरान म्हणून एखाद्या प्रकल्पाला सहज देता येतो.

दफ्तरात असलेल्या माळाचंही सगळं भलं होतं असं नाही. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरवर 10 टक्के झाडांची सावली असली की 'वनाच्छादन' मोजतं, मग ती सावली आमराईची का असेना. उघडा माळ या हिशेबात तोट्यात दिसतो. मग खड्डे काढून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावायची. एका पावसाळ्यात शहराजवळच्या माळावर असे ओळीने काढलेले खड्डे मी पाहिले. उपटलेल्या पवन्याचे गड्डे मुळांसकट कडेला पडले होते. गवताळ प्रदेशात कर्बाचा मोठा साठा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो; तोच उकरून वर रोप लावायचं, हे मला पटत नाही. माळावरच राहणारा माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि धोका लांबून हेरतो. झाडांची रांग उभी केली की त्याची नजर अडते, आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा होते.

हा घोळ एकट्या भारताचा नाही. ब्राझीलच्या 2012 च्या वन संहितेनुसार ॲमेझॉनच्या जंगलात जमीनमालकाला 80 टक्के जमीन राखावी लागते. सेराडो नावाच्या तिथल्या माळरानात मात्र बहुतेक ठिकाणी फक्त 20 टक्के. ॲमेझॉनमध्ये सोयाबीनला चाप लागला तसा नांगराचा जोर सेराडोवर राहिला.

आपल्याकडे उलट चूकही झाली. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल 8496 चौरस किलोमीटरचं! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावं, शिवारं, शहरी वस्ती, सगळं रेषेच्या आत. जमिनीचे व्यवहार अडू लागले आणि पक्ष्याचं नाव काढलं की लोक चिडू लागले. पुढे 2012 मध्ये ते सुमारे 1222 चौरस किलोमीटरवर आलं. तोवर लोकांचं मन दुरावलं होतं. आज नान्नजला माळढोक दिसणं फार दुर्मिळ झालं आहे.

वाट आहे ती 2006 च्या वनहक्क कायद्यात. भटक्या पशुपालकांची चराई त्यात सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिली आहे. पण अनुसूचित जमातीत नसलेल्याला 75 वर्षांचा, म्हणजे तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. मेंढरं घेऊन वर्षातले कित्येक महिने फिरतीवर असणाऱ्या धनगराने तो कुठल्या गावचा दाखवायचा? कुठलं कुरण कधी राखायचं, कधी मोकळं करायचं, हे त्याला ठाऊक असतं. माळाचं नियोजन करताना वनखात्याने आणि ग्रामसभेने त्याला बैठकीला बोलवायला हवं, आणि ती बैठक सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यावर असताना, माळावरच घ्यायला हवी.