म्हाताऱ्या मांजरांचं वजन कमी होणं आणि त्याचं कारण शोधणं

दहा वर्षांच्या पुढचं मांजर डाएटवर नसताना, घरात काही बदललेलं नसताना हळूहळू बारीक व्हायला लागलं की त्याला विनाकारण वजन घटणं म्हणतात. विनाकारण हा शब्द खरं तर चुकीचाच आहे कारण कारण असतंच, फक्त ते अजून सापडलेलं नसतं. आपल्याकडे अशा मांजराबद्दल "म्हातारं झालंय आता, वाळणारच" असं सर्रास बोललं जातं आणि तिथेच बरेच महिने वाया जातात. म्हातारपण हा आजार नाही, आणि ज्या आजारांमुळे म्हातारी मांजरं वाळतात त्यातले बरेचसे औषधाने आटोक्यात राहतात, काही तर पूर्ण बरे होतात.

किती वजन घटलं तर काळजी करायची, तर साधारण ५ टक्के घटलं की लक्ष द्यायचं आणि १० टक्के घटलं की तपासण्या करायच्याच. ४ किलोच्या मांजराच्या बाबतीत हे म्हणजे २०० आणि ४०० ग्रॅम. ४०० ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही पण ६० किलोच्या माणसाचं ६ किलो वजन आपोआप उतरलं तर घरचे त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेतील, तसंच आहे हे.

डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतं

रोज समोर असलेल्या मांजराचं वजन उतरलेलं लक्षात येत नाही, त्यात वरून फर असते, आणि पोटाखालची लोंबती कातडी तशीच राहते त्यामुळे मांजर भरलेलंच वाटतं. म्हणून हात फिरवून बघायचं. पाठीच्या कण्यावर, खांद्याच्या फऱ्यांवर, कमरेच्या हाडांवर आणि डोक्यावर कानांच्या पुढे. मणके एकेक मोजता आले, फऱ्या टोकदार लागल्या तर मांस झडलंय. चरबी आणि मांस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोट गुबगुबीत आणि पाठ मात्र हाडकुळी असं मांजरही असतं आणि त्याच्याकडे बघून कोणी बारीक म्हणणार नाही. जाड मांजर बारीक झालं की उलट लोक खूश होतात, बरं झालं वजन उतरलं म्हणतात, पण न उतरवता उतरलेलं वजन जाड मांजरातसुद्धा तितकंच वाईट.

घरी वजन करायला लहान बाळांचा काटा सगळ्यात चांगला. तो नसेल तर मांजराला पिशवीत किंवा कॅरियरमध्ये ठेवून प्रवासाच्या बॅगा मोजायच्या लटकत्या काट्यावर घ्यायचं आणि रिकाम्या कॅरियरचं वजन वजा करायचं. माणसाने मांजर कडेवर घेऊन उभं राहायच्या काट्यावर १००-२०० ग्रॅमचा फरक सहज चुकतो आणि इथे सगळा खेळच तेवढ्या ग्रॅमचा आहे. महिन्यातून एकदा, काटा तोच, आणि आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून टाकायचा. डॉक्टरच्या हातात सहा महिन्यांचे सहा आकडे पडले की अर्धं काम झालेलं असतं.

खातंय आणि अंगी लागत नाही, की खातच नाही

पहिला प्रश्न हाच. भरपूर खाऊनही वाळत असेल तर थायरॉइड, डायबिटीस, आतड्याचा आजार, क्वचित स्वादुपिंडातून पाचकरस कमी येणं, आणि जे मांजर बाहेर फिरतं, उंदीर मारतं त्याच्यात जंत. खाणं कमी झालं असेल तर किडनी, दात-तोंड, कॅन्सर, लिव्हर, स्वादुपिंडाची सूज, सांध्यांचं दुखणं. ही वाटणी पक्की नाही, आतड्याचा आजार असलेलं मांजर आधी वखवखल्यासारखं खातं आणि नंतर खाणं सोडतं, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

घरात दोन-तीन मांजरं असतील तर कोण किती खातंय हे कोणालाच नीट माहीत नसतं. वाटी रिकामी होते म्हणजे म्हातारी मांजर जेवली असं होत नाही, तरुण बोका तिच्या वाट्याचं फस्त करून जातो आणि ती लांब बसून बघत राहते. चार दिवस तिला वेगळ्या खोलीत खायला घालून मोजायचं. पाणी किती पितंय, लघवीचे वाळूतले गोळे मोठे झालेत का, शी पातळ आहे का, उलट्या किती, रात्री ओरडतं का, उडी मारताना कचरतं का हे पण बघून ठेवायचं, आणि खातानाचा नि चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यायचा कारण दवाखान्यातल्या टेबलवर मांजर यातलं काहीच करून दाखवत नाही.

उलट्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मांजर उलट्या करतंच, केसांचे गोळे काढतं, हे इतकं पक्कं बसलंय डोक्यात की आठवड्यातून दोनदा उलटी करणारं मांजरसुद्धा लोकांना नॉर्मल वाटतं. अधूनमधून केसांचा गोळा ठीक, पण वारंवार उलटी आणि त्याबरोबर उतरणारं वजन म्हणजे पोटात काहीतरी चालू आहे.

तपासणी कशी पुढे जाते

आधी हाताने तपासणं. चांगला डॉक्टर तोंड उघडून बघतो, खालच्या जबड्याच्या मधे अंगठ्याने दाबून जीभ वर उचलतो कारण जिभेखालची गाठ नुसतं तोंड उघडून दिसत नाही, गळ्यावरून दोन बोटं फिरवून थायरॉइडची गाठ लागते का बघतो, पोट दाबून किडन्या आणि आतडी चाचपतो, छातीचे ठोके ऐकतो. मग रक्त (पेशी, किडनी, लिव्हर, साखर, आणि टी-४ म्हणजे थायरॉइडचं हार्मोन), लघवी, आणि ब्लड प्रेशर. नुसतं रक्त करून लघवी सोडून देऊ नये, बऱ्याच ठिकाणी ती सोडली जाते आणि किडनीचं अर्धं उत्तर लघवीतच असतं.

थायरॉइडवर जरा जास्त लिहितो कारण हा आजार ओळखायला सोपा असूनही हुकतो. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड ग्रंथी वाढून जास्त हार्मोन सोडायला लागते, माणसांत जास्त करून कमी थायरॉइडची गोळी चालू असते, मांजरात बरोबर उलटं. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये हा आजार मांजरांत पहिल्यांदा नीट नोंदवला गेला. मांजर अधाशासारखं खातं, वाळतं, बेचैन असतं, रात्री घरभर ओरडत फिरतं, फर विस्कटलेली, हृदय धडधडतंय, आणि घरचे म्हणतात बघा या वयात किती ॲक्टिव्ह आहे. बहुतेक वेळा ही वाढ साधी असते, कॅन्सर फारच थोड्यांत, शंभरात दोन-तीन. टी-४ जास्त आला की निदान झालं. पण टी-४ नॉर्मल आला म्हणजे थायरॉइड नाही असं धरून चालत नाही, आजाराच्या सुरुवातीला तो वरखाली होत असतो आणि दुसरा एखादा आजार सोबत असला की तो दाबला जाऊन नॉर्मलच्या वरच्या भागात येऊन बसतो. लक्षणं जुळत असतील तर काही आठवड्यांनी परत करायचा किंवा फ्री टी-४ करायचा.

उपचार चार प्रकारचे, मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोलच्या गोळ्या (गोळी घेतच नसेल तर मेथिमॅझोल कानाच्या आतल्या कातडीवर चोळायच्या जेलमधून देतात), आयोडीन कमी असलेलं खास खाणं, ऑपरेशन, आणि किरणोत्सर्गी आयोडीनचं इंजेक्शन. शेवटच्याने बहुतेक मांजरं एका डोसात बरी होतात पण तशी सोय असलेली ठिकाणं मोजकी.

आणि इथेच एक गुंता आहे. वाढलेल्या थायरॉइडमुळे किडनीकडे रक्त जोरात जातं, त्यामुळे बिघडलेली किडनीसुद्धा रिपोर्टमध्ये बरी दिसते. थायरॉइड खाली आणलं की महिन्याभरात क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वर येतं आणि घरच्यांना वाटतं गोळीने किडनी खराब केली. गोळीने केलेलं नसतं, आधीपासून होतं ते उघडं पडलं. म्हणून उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत किडनी परत तपासायची आणि डोस हळूहळू वाढवायचा.

किडनीचा जुना आजार म्हाताऱ्या मांजरांत सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांपैकी. २०१६ साली आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात किडनीचं निदान होण्याच्या जवळपास तीन वर्षं आधीपासून मांजरांचं वजन उतरायला लागलं होतं आणि शेवटच्या वर्षभरात साधारण ९ टक्के उतरलं होतं. म्हणजे रिपोर्टच्या कितीतरी आधी काटा बोलत होता. क्रिएटिनिन बऱ्यापैकी किडनी गेल्यावर वाढतं, शिवाय ते स्नायूंतून येतं त्यामुळे मांस झडलेल्या मांजरात ते फसवं कमी दिसतं. एसडीएमए नावाची तपासणी स्नायूंवर अवलंबून नसते आणि लवकर बदलते म्हणून २०१५ नंतर ती वापरात आली. लघवीची घनता १.०३५ च्या खाली वारंवार येत असेल तर किडनीला पाणी धरून ठेवता येत नाहीये असा संशय घ्यायचा. किडनीच्या आणि थायरॉइडच्या मांजरांत प्रेशर वाढून डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होतं, म्हणून प्रेशर मोजणं टाळू नये.

डायबिटीसमध्ये पाणी जास्त, लघवी जास्त, भूक जास्त, आणि कधीकधी मागच्या पायांनी घोटे टेकवून चालणं. घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्यातच भसकन वाढते म्हणून एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करायचं नसतं, लघवीत साखर आहे का बघायचं आणि फ्रुक्टोसामिन करायचं, ते मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगतं. लवकर पकडलं तर काही मांजरांचं इन्सुलिन नंतर सुटतंसुद्धा.

दात. मांजराचे दात मुळाशी विरघळत जातात असा एक फार दुखणारा प्रकार आहे, हिरडी वर चढलेली दिसते आणि खरं नुकसान फक्त एक्सरेत दिसतं. मांजर भुकेलं असतं, वाटीपाशी धावत येतं, एक घास घेतं आणि दचकून मागे होतं. तोंडाला वास, लाळ, एका बाजूने चावणं. दात काढल्यावर अशी मांजरं बिनदाताची मजेत जेवतात.

सांधेही विसरले जातात, २००२ च्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्सरे पाहिले तर ९० जणांत सांध्यांची झीज दिसली. वाटी ओट्यावर किंवा माळ्यावर असेल तर खाली आणून बघा, फुकटचा उपाय आहे.

रक्त-लघवी सगळं ठीक आणि तरी वजन उतरतंय, तेव्हा छातीचा एक्सरे, पोटाची सोनोग्राफी, एफआयव्ही-एफईएलव्ही या मांजरांतल्या दोन विषाणूंच्या तपासण्या नसतील झाल्या तर त्या, आणि बी-१२. बी-१२ कमी असेल तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषण नीट होत नाहीये असं समजायचं, आणि ते भरून काढल्याशिवाय बाकीची औषधं नीट लागू पडत नाहीत. आतड्याची भिंत जाड दिसली की दोनच मोठे संशयित उरतात, आतड्याची जुनी सूज किंवा हळू वाढणारा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर). सोनोग्राफीत दोन्ही सारखेच दिसतात, बायोप्सीशिवाय (आतड्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय) फरक कळत नाही आणि कधीकधी बायोप्सीतही पॅथॉलॉजिस्टला ठामपणे सांगता येत नाही. लिम्फोमा शब्द ऐकून लोक हात टेकतात पण हा हळू वाढणारा प्रकार प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) आणि क्लोरँब्युसिल या गोळ्यांवर अनेकदा दोन वर्षं किंवा त्याहून जास्त आटोक्यात राहतो.

तपास चालू असताना

खाणं पूर्ण थांबलं असेल तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, जाड मांजरात जास्त, आणि ते जिवावर बेततं. भूक वाढवायला मिर्टाझापिन देतात, कानाच्या आत लावायचं त्याचं मलम अमेरिकेत २०१८ मध्ये खास वजन उतरलेल्या मांजरांसाठी मंजूर झालं (लावताना हातमोजे घालायचे), किडनीच्या मांजरांसाठी कॅप्रोमोरेलिन २०२० मध्ये. भूक वाढली म्हणून तपास सोडून द्यायचा नाही. घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारते.

खाणं कोमट करून दिलं की वास सुटतो आणि नाक मंद झालेलं मांजर खातं. किडनीचा पुरावा नसताना वय झालं म्हणून प्रोटीन कमी करू नये, म्हातारपणी चरबी आणि प्रोटीन दोन्ही पचायचं प्रमाण बऱ्याच मांजरांत कमी होतं त्यामुळे त्यांना उलट जास्त आणि चांगलं लागतं. दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराला दुधानेच जुलाब होत असतील हेही तपासून बघायला हरकत नाही.

सतरा-अठरा वर्षांच्या मांजराला भूल देऊन बायोप्सी करायची नाही असं घरच्यांनी ठरवलं तर ते समजण्यासारखं आहे, अशा वेळी बी-१२, खाण्यात बदल आणि मग स्टेरॉइड असा क्रम धरतात. पण बायोप्सी करायची असेल तर स्टेरॉइड त्याच्या आधी सुरू करायचं नाही, त्याने लिम्फोमा तात्पुरता दबतो आणि तुकड्यात दिसत नाही. डायबिटीस तपासलेला नसेल तर स्टेरॉइड अजिबातच नको, साखर भडकते. औषध सुरू झालं की महिन्याऐवजी दर पंधरा दिवसांनी वजन करायचं. थायरॉइडच्या मांजराचं वजन काही आठवड्यांत परत भरायला लागतं, किडनीच्या मांजराचं आहे तिथे टिकलं तरी औषध काम करतंय असं धरतात, आणि दोन्ही होत नसेल तर दुसरा आजार शोधायचा कारण या वयात एकाच मांजराला दोन आजार असणं अगदी नेहमीचं आहे.