पितळ-चांदीवर ब्रिटिश कुलचिन्ह कोरून घेण्याआधी

कुलचिन्हाचा, म्हणजे ढालीवर काढलेल्या वंशपरंपरागत खुणेचा, फोटो पाठवलात तरी सोबत त्याचं शब्दांतलं वर्णन, म्हणजे ब्लेझन, जरूर पाठवा. प्रमाण ते शब्दच. चित्र हरेक कारागिराचं थोडं वेगळं येतं. इंग्लंडच्या ढालीचं ब्लेझन सांगतं: लाल जमिनीवर एकाखाली एक तीन सोनेरी सिंह, चालणारे, तोंड आपल्याकडे वळवलेलं, जिभा-नखं निळी. लाल कुंकवासारखा की विटकरी, याला मात्र बंधन नाही.

सोनं आणि चांदी हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवत नाहीत, कारण ढाल लांबून ओळखू यायला हवी. निळ्यावर लाल सिंह दिसला तर चित्र पुन्हा तपासा. नैसर्गिक रंगात दाखवलेल्या वस्तूंना या नियमातून सूट आहे. १८५७ साली बॅरोनेट (वारसांकडे जाणारा ब्रिटिश किताब) झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या निळ्या ढालीवरचे घाटाचे डोंगर, उगवता सूर्य आणि दोन मधमाश्या तशाच आहेत.

धातूच्या पत्र्यावर रंग भरत नाहीत, तो रेषांनी दाखवतात. उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या निळा, दोन्हींची जाळी काळा, ठिपके सोनं, कोरी जागा चांदी. तिरप्या रेषा तुमच्या डाव्या हाताकडून वरून खाली उजवीकडे उतरल्या तर हिरवा, उलट उतरल्या तर जांभळा.

सगळ्यात जास्त घोळ डाव्या-उजव्याचाच होतो. ढालीची ‘उजवी’ बाजू ढाल धरणाऱ्याची, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडची. सिंहाचा रोख सहसा तिकडे असतो. लाखेवर शिक्का उठवायची अंगठी आम्ही उलटी कोरतो, म्हणजे ठसा सुलटा येतो. नुसती बोटात घालायची असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. नाहीतर सिंह भलतीकडे बघेल आणि हिरवी ढाल जांभळी होईल. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोतही हीच गंमत होऊ शकते.

‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ म्हणून विकली जाणारी चित्रं आम्ही कोरत नाही. कुलचिन्ह आडनावाचं नसतं; ते एका व्यक्तीला मिळतं आणि वारसांकडे जातं. इंग्लंडमध्ये ते काम लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून बघतं, स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन हा अधिकारी. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्याचं चिन्ह वापरणं गुन्हा आहे.

अंगठीचा माथा लहान असेल तर रंगाच्या रेषा गाळून नुसती आकृती घ्या. पॉलिशने आधी बारीक रेषाच झिजतात.