रेस उतरत नाही तेव्हा

कापूस वेचणीचे दिवस होते. मजुरांचा चहा घेऊन दुपारी पांदणीनं मोटरसायकलवर शेतात निघालो होतो. हँडलला उजवीकडे थैली, थैलीत किटली अन् पाण्याच्या दोन बाटल्या. नाल्याच्या उतारावर रेसची मूठ सोडली, पण रेस उतरलीच नाही. क्लच दाबला तसं इंजीन केकाटलं, पण चाकाकडे जाणारा जोर तुटला. मग ब्रेक लावून बाभळीजवळ गाडी उभी केली आणि चावी बंद केली. असा प्रसंग तुमच्यावर आला तर हाच क्रम ठेवा. आधी क्लच, मग ब्रेक, मग किल स्विच (हँडलवरचं इंजीन बंद करायचं बटण) किंवा चावी. चालत्या गाडीत घाबरून चावी लॉकपर्यंत फिरवू नका, हँडल जाम होईल.

संध्याकाळी फाट्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं गाडीला हात लावायच्या आधीच सांगितलं, "भाऊ, थैली काढा पयले. आता फिरवून पाहा." मूठ पिळून सोडली. ती आळसावल्यासारखी अर्ध्यापर्यंत परत आली. थैली अडकवली की जागची हलत नव्हती. चहाच्या थैलीचा आणि रेसचा काय संबंध, हे समजून घ्यायला मला घरी जाऊन कागद-पेन घ्यावं लागलं.

आपली मूठ रेस फक्त उघडते, बंद करत नाही. केबल म्हणजे शेवटी दोरीच. दोरीनं ओढता येतं, ढकलता येत नाही. मूठ पिळली की केबल कार्बोरेटरमधला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, एक छोटा दंडगोल वर उचलते. मेकॅनिक त्याला स्लाइड म्हणतात. स्लाइड वर गेली की हवेची वाट मोठी होते, हवेबरोबर पेट्रोलही जास्त जातं. मूठ सोडल्यावर स्लाइडला खाली बसवायचं आणि केबलीसकट मुठीला मागे आणायचं, हे सगळं वरच्या एका स्प्रिंगवर असतं. मोठ्या गाड्यांना बंद करण्यासाठी दुसरी केबल असते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला बहुधा एकच. २०२० पासूनच्या बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, पण यातल्या बहुतेकींत मूठ, केबल आणि स्प्रिंग अजून तशीच आहे.

ही केबल मोठी हुशारीची वस्तू आहे. आत पोलादी तारांचा पीळ, बाहेर स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं पोलादी कवच, त्यावर प्लास्टिक. आतली तार ताण घेते, बाहेरचं कवच दाब घेतं, म्हणून ती वाकवून कुठूनही नेता येते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाऊडेन यांना तिचं पेटंट १८९६ साली मिळालं. पण वाकवून नेण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती घर्षणात मोजावी लागते.

गोऱ्ह्याला वेसण टाकताना पाहिलं असेल. दोन माणसांना न आवरणारा गोऱ्हा, पण कासरा झाडाला एकदोन वेढे घेऊन धरला की एक पोरगाही त्याला थोपवतो. बाकीचा जोर दोर आणि साल यांच्यातलं घर्षण पेलतं. दर वेढ्याला हा फायदा नुसता वाढत नाही, गुणिला जातो. हे गणित अठराव्या शतकात यूलर या गणितज्ञानं मांडलं. त्यातली गंमत अशी की दोर किती लांब किंवा झाड किती जाड, याला महत्त्व नाही. दोर एकूण किती कोनातून वळला आणि पृष्ठभाग किती खरखरीत, एवढंच मोजायचं.

केबलीतही हेच होतं, फक्त गोऱ्ह्याच्या जागी स्प्रिंग असते आणि इथं आपल्याला ती थोपवायची नसते. हँडलपासून टाकीखालपर्यंत सगळी वळणं मिळून अर्धं वर्तुळ झालं असं धरू. आतून स्वच्छ, तेल लागलेल्या केबलीसाठी घर्षणाचा गुणांक, म्हणजे खरखरीतपणाचा आकडा, ०.१५ धरला, तर स्प्रिंगच्या जोरापैकी सुमारे ६२ टक्के मुठीपर्यंत पोचतो. गंज आणि मातीनं तोच ०.४ झाला तर उरतात २८ टक्के. त्यात थैलीच्या ओझ्यानं केबल खाली दबली आणि पुढे पुन्हा वर वळली, अशी पाव वर्तुळाची भर पडली, तर १५ टक्के. एवढ्याशा जोरावर मुठीचं स्वतःचं घर्षण मोडून ती मागे येणार कशी?

उलट बाजूनं पाहिलं तर उघडताना हाताला तेवढाच जादा जोर लावावा लागतो. स्वच्छ केबलीत स्प्रिंगच्या १.६ पट, गंजलेल्या केबलीत साडेतीन पट. हात दणकट असतो, त्याला सवय होते. माझी मूठ दोन महिने जड लागत होती आणि मी ती तशीच पिळत होतो. खरी सूचना तीच होती.

गंज आणि माती आली कुठून? पावसाळ्यात पाणी केबलीच्या वरच्या तोंडातून आत उतरतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि केबलीत मोकळी जागा असतेच किती! त्यावर आपली काळी माती. तिचे चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. उन्हाळ्यात धूळ होऊन ती फटीफटीत शिरते, ओल लागली की फुगते. उन्हाळ्यात शेताला भेगा पाडते ती हीच माती.

माझ्या केबलीत आणखी एक गोष्ट निघाली. मेकॅनिकनं तार बाहेर ओढली तर तिच्यावर पिवळट, चिवट साय. तो म्हणाला, "हे कोन्तं तेल टाकलं होतं?" घरी विचारलं तेव्हा कळलं, मूठ जड लागते म्हणून धाकट्या भावानं घरातलं जवसाचं तेल सोडलं होतं. जवस आपल्याकडे पिकतो, तेल घरात असतं, त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पण जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफून कडक पापुद्रा होतो. म्हणूनच ते रंग-वार्निशात वापरतात. जळकं ऑइलही नको, त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो. घट्ट ग्रीस धूळ धरून ठेवतं.

आधी दोष कुठं आहे ते शोधावं. इंजीन बंद ठेवून कार्बोरेटरकडून केबल सोडवायची. नुसती मूठ अडकत असेल तर रबरी ग्रिप घसरून टोकाला घासते का पाहा. तार नळीत सहज सरकत नसेल तर केबल. दोन्ही ठीक तर स्लाइड. एअर फिल्टर काढून गाडी चालवणाऱ्यांच्या स्लाइडवर धुळीचे ओरखडे हमखास सापडतात.

मेकॅनिकनं माझी केबल काढून खिळ्याला उभी टांगली. वरच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा बांधला आणि रॉकेल सोडलं. खालून आधी काळं, मग तांबूस, मग जवळजवळ स्वच्छ थेंब पडायला लागले. रॉकेल निथळल्यावर पातळ मशीन ऑइल. आत टेफ्लॉनची नळी असलेल्या केबलीला तेल लागत नाही, ती नुसती साफ करतात. पिळातली एक जरी तार तुटलेली दिसली तर तेलपाणी न करता नवी केबल टाकायची, कारण तुटलेलं टोक नळीत आकड्यासारखं रुततं.

केबल परत बसवताना त्यानं मुठीला दोन ते सहा मिलिमीटर ढिलाई ठेवली. मग हँडल डावीकडे टोकापर्यंत वळवून मूठ पिळून सोडली, उजवीकडे वळवून सोडली. दोन्ही वेळा स्लाइड खाली बसल्याचा "टक" असा आवाज स्पष्ट आला. नंतर इंजीन चालू करून पुन्हा हँडल दोन्हीकडे फिरवलं, रेस कमीजास्त झाली नाही. चहाची थैली आता मागच्या कॅरिअरला असते.