स्थितांबरातील नायट्रोजन संयुगे : मापन व प्रारूपण

स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या वातावरणात, नायट्रोजनाची क्रियाशील संयुगे फारच विरळ असतात. अब्ज रेणूंमागे फार तर १५–२०. तरीही २५ ते ४० किमी. उंचीवर ओझोन किती टिकेल, हे बऱ्याच अंशी तीच ठरवतात.

त्यांचा मुख्य उगम जमिनीवरच आहे. माती व समुद्रातील जिवाणू नायट्रस ऑक्साइड सोडतात; नत्रखतांमुळे त्यात भर पडली आहे. हा वायू शंभराहून अधिक वर्षे टिकतो आणि सावकाश वर पोहोचतो. तिथे त्याचा बहुतेक भाग अतिनील किरणांनी फुटून साधा नायट्रोजन होतो, थोड्या भागापासून नायट्रिक ऑक्साइड बनतो. तो ओझोनकडून एक ऑक्सिजन अणू घेऊन नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि सुट्या ऑक्सिजन अणूशी गाठ पडताच पुन्हा मूळ रूपात येतो. स्वतः न संपता ओझोन खाणारे हे चक्र पॉल क्रुट्झेन यांनी १९७० मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी हॅरॉल्ड जॉन्स्टन यांनी स्वनातीत (आवाजाहून वेगवान) विमानांच्या धुराचा धोका दाखवला आणि विषय प्रयोगशाळेतून राजकारणात गेला.

मापनातली खरी अडचण म्हणजे ही संयुगे दिवसभरात रूप पालटतात. सूर्य मावळताच नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ नाहीसा होतो. रात्रभर डायनायट्रोजन पेंटॉक्साइड साठतो व उजाडल्यावर हळूहळू फुटतो. म्हणून नायट्रोजन डायऑक्साइड सूर्योदयापेक्षा सूर्यास्ताला जास्त सापडतो. जॉन नॉक्सन यांनी १९७५ मध्ये संधिप्रकाशात डोक्यावरच्या आकाशाचा वर्णपट (प्रकाशाची रंगवार फोड) घेऊन नायट्रोजन डायऑक्साइड जमिनीवरून मोजला. त्या वेळी प्रकाश स्थितांबरातून तिरका, लांबचा प्रवास करून येत असल्याने वायूने प्रकाश शोषल्याच्या खुणा ठळक होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनेही याच पद्धतीने निरीक्षणे घेतली आहेत. विमाने व बलूनांवरील उपकरणांत हवा तापवलेल्या सोन्याच्या नळीतून नेऊन सर्व संयुगांचे नायट्रिक ऑक्साइड करतात. ओझोनशी होणाऱ्या त्याच्या क्रियेत जो क्षीण प्रकाश निघतो तो मोजतात. उपग्रहांपैकी निंबस-७ (१९७८) आणि कॅनडाचा सायसॅट (२००३) महत्त्वाचे.

सायसॅट उगवत्या-मावळत्या सूर्याकडे पाहतो. त्याच्या एकाच दृष्टिरेषेवर कुठे दिवस असतो, कुठे रात्र. त्यामुळे नोंद दुरुस्त करायला आणि दुसऱ्या वेळच्या नोंदीशी ताडून पाहायला प्रकाशरासायनिक प्रारूप (सूर्यप्रकाशाने घडणाऱ्या क्रियांची गणिती मांडणी) लागते. म्हणजे ज्याने प्रारूप पारखायचे, त्या निरीक्षणातच प्रारूप मिसळलेले असते. हे दुर्लक्षून काढलेल्या निष्कर्षांवर फार विसंबू नये.

केवळ वायूंतील क्रिया धरणाऱ्या सुरुवातीच्या प्रारूपांत नायट्रोजन डायऑक्साइड वास्तवापेक्षा जास्त येई. गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांवर डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचे नायट्रिक अम्ल होते, ही क्रिया त्यांत नव्हती. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने स्थितांबरात असे थेंब भरभरून पसरवले, तेव्हा न्यूझीलंडमधील लॉडर येथे नायट्रोजन डायऑक्साइड एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचे दिसले. थेंब आणखी वाढले तरी घट मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, कारण रात्री पेंटॉक्साइड मुळात किती तयार होतो यावरच मर्यादा पडते.

ध्रुवीय हिवाळ्यात चित्र उलटे होते. सुमारे −७८° से. खाली नायट्रिक अम्ल बर्फाळ कणांत गोठते व ते कण खाली पडतात. एरवी ओझोन नष्ट करणाऱ्या क्लोरिनला बांधून ठेवणारा नायट्रोजन डायऑक्साइड मग पुरत नाही आणि ओझोनचा नाश लांबतो. नायट्रोजन इथे ओझोनचा वैरी नसून राखणदार ठरतो. त्यामुळे क्लोरिन घटत असताना वाढत्या नायट्रस ऑक्साइडचा परिणाम काढायचा तर दोन्ही रसायने एकत्रच सोडवावी लागतात. ए. आर. रविशंकर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की, ओझोननाशाच्या क्षमतेनुसार पाहता मानवी उत्सर्जनांत आता हाच वायू सर्वांत पुढे आहे. ओझोन वाचवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारात मात्र त्यावर नियंत्रण नाही.