पुरानंतरचं करमणूक केंद्र: गावठाणात की गायरानावर?

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री सातमाळ्याच्या डोंगरात तुफान पाऊस झाला. पहाटेपर्यंत तितूर आणि डोंगरी या नद्यांचं पाणी चाळीसगावात आणि काठच्या गावांत शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. खानदेशाला पूर नवे नाहीत. पांझरा-गिरणेचा १८७२ चा महापूर दप्तरी नोंदलेला आहे. व्यायामशाळा, वाचनालय आणि खेळाचा हॉल एकत्र बांधावा, पुढच्या पुरात तोच निवारा व्हावा, हा विचार मात्र अलीकडचा.

१९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची घरं कोसळली. तेव्हापासून धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांवरचाही विश्वास उडत गेला आणि सार्वजनिक इमारत म्हणजे सिमेंट नि पत्रा हे ठरून गेलं. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याखाली पोरं खेळणार कशी, हे कुणी विचारलं नाही.

खरा वाद जागेचा आहे. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत मैदान, बाग चालते, इमारत नाही. दोन्ही रेषांच्या मधे अटींवर परवानगी मिळते. नदीकाठची कित्येक गावठाणं याच पट्ट्यात येतात, म्हणून बोट गायरानाकडे जातं. पण २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पाठोपाठ राज्यानेही गायरान देण्यावर कडक बंधनं घातली, आणि ती रास्तच आहेत. गुरांनी चरायचं कुठे? शिवाय गावाबाहेरच्या हॉलकडे संध्याकाळी बायाबापड्या आणि म्हातारी माणसं फिरकत नाहीत. वर्षभर ज्या इमारतीत पाऊल पडलं नाही, तिकडे पुराच्या अंधारात, मधला नाला ओलांडून कोण जाईल?

त्यापेक्षा केंद्राचे दोन भाग करावेत. मैदान आणि उघडा आखाडा नदीकडे. छपराचा भाग गावठाणातल्या उंचवट्यावर, गढीजवळ किंवा शाळेशेजारी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा आणि जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं. जोत्याला दगड, वर सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा, समोरासमोर खिडक्या. गच्ची पक्की हवी आणि तिचा जिना बाहेरून, रुंद, कठड्याचा; म्हणजे रात्री हॉलला कुलूप असलं तरी माणसं वर पोचतील.