कान वाहून आतली हाडे झिजली असतील तर: कर्णदोषाच्या दिव्यांग प्रमाणपत्राची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

लहानपणी फुटलेला कान वर्षानुवर्षे वाहत राहिला आणि आता ऐकू कमी येते, अशी तक्रार घेऊन दिव्यांग प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांची मोठी अडचण एकच असते. कानाचा आजार गंभीर असतो, कागदपत्रेही पूर्ण असतात, पण दिव्यांगत्वाची टक्केवारी भरत नाही. म्हणून अर्जाआधी हिशेब समजून घ्या.

मध्यकर्णात हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची साखळी असते. जुन्या संसर्गात, त्यातही कोलेस्टिॲटोमा (मध्यकर्णात साचत जाणारा, हाड खाणारा त्वचेचा गोळा) असेल तर, ही हाडे झिजतात. ऐरणीच्या लांब दांडीचे टोक बहुधा आधी जाते, कारण तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. मग ऐरण आणि रिकीब यांचा सांधा सुटतो. पुढे रिकिबीची कमान झिजते. हातोडी त्या मानाने टिकते. पडद्याला नुसते भोक असेल तर श्रवणदोष साधारण 10 ते 40 डेसिबल असतो, साखळी तुटली की तो 60 पर्यंत जातो. निव्वळ मध्यकर्णाच्या बिघाडाने त्यापलीकडे सहसा जात नाही. 65, 70, 80 असे आकडे येतात तेव्हा बहुधा अंतर्कर्णालाही इजा झालेली असते. याला मिश्र श्रवणदोष म्हणतात.

आता कायदा पाहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दोन्ही कानांत, बोलण्याच्या ध्वनिवारंवारतेत, 60 ते 70 डेसिबल दोष असेल तर ती व्यक्ती 'ऐकण्यास कमी' आणि 70 किंवा अधिक असेल तर 'बहिरी' ठरते. 'दोन्ही कानांत' हे शब्द इथे निर्णायक आहेत. हाडे गळालेला एक कान आणि चांगला दुसरा कान असेल, तर त्रास कितीही असो, लाभाची टक्केवारी मिळत नाही.

टक्केवारी अशी काढतात. हेडफोन लावून, श्रवणयंत्राशिवाय, 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झवर हवेतून ऐकण्याची पातळी मोजतात आणि चारही आकड्यांची सरासरी घेतात. उदाहरणार्थ 65, 60, 60, 75 असे आकडे असतील तर बेरीज 260 आणि सरासरी 65 डेसिबल. एखाद्या वारंवारतेला प्रतिसादच आला नाही तर तिथे 95 धरतात. या सरासरीवरून तक्त्याने प्रत्येक कानाची टक्केवारी मिळते. मग चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले 5, त्यात वाईट कानाची टक्केवारी मिळवायची आणि 6 ने भागायचे. चांगल्या कानाचे 40 आणि वाईट कानाचे 70 टक्के असतील तर 200 अधिक 70 म्हणजे 270, भागिले 6, म्हणजे 45 टक्के. उलट एक कान पूर्ण गेला (100) आणि दुसरा ठणठणीत (0) असेल तर उत्तर येते 16.67. आरक्षण आणि बहुतेक योजनांसाठी किमान 40 टक्के लागतात. घरी ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) असेल तर ही बेरीज आधी स्वतः करून पाहा; निदान सरासरी तरी काढा. फेऱ्या वाचतात.

दुसरा मुद्दा कायमस्वरूपाचा. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळातले कान-नाक-घसा तज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतात: शस्त्रक्रियेने ऐकू सुधारेल का? हवेतून आणि हाडातून (कानामागच्या हाडावर कंपक लावून) मोजलेल्या पातळ्यांमध्ये मोठे अंतर दिसले की हा प्रश्न येणारच, कारण तो दोष पडदा बसवून आणि हाडांची साखळी पुन्हा जोडून काही प्रमाणात भरून निघू शकतो. शस्त्रक्रिया झालेली नसेल तर ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता जास्त. दोषात बदल होण्याचा संभव असेल तर प्रमाणपत्रावर वैधतेचा कालावधी लिहायचा, असे नियमच सांगतात. यात अन्याय काही नाही. शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यानंतर किमान तीन महिन्यांनी काढलेला ऑडिओग्राम जोडा. त्याआधीच्या तपासणीत कानातले पॅकिंग, सूज, साचलेले पाणी यांचाच हिशेब येतो.

एक गोष्ट रुग्णांना बुचकळ्यात टाकते. कधी कधी झिजलेल्या हाडांच्या जागी कोलेस्टिॲटोमाचा गोळाच पुलासारखा काम करतो आणि आवाज पुढे पोचवतो. शस्त्रक्रियेत तो काढला की आधी बरे असलेले ऐकू घटते. हा डॉक्टरांचा हलगर्जीपणा असतोच असे नाही, आणि रोग काढणे टाळताही येत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेची नोंद फाइलमध्ये असलेली बरी. कोणते हाड होते, कोणते नव्हते, कृत्रिम हाड बसवले का, हे तिच्यात लिहिलेले असते आणि मंडळाला ते लगेच कळते.

कागदपत्रांमध्ये आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा हे मूळ साहित्य. वैद्यकीय बाजूने जुने केसपेपर, ऑडिओग्राम, टिम्पॅनोमेट्रीचा (पडदा आणि मध्यकर्ण किती हलतो ते पाहणाऱ्या चाचणीचा) अहवाल, काढला असेल तर टेम्पोरल बोनचा (कानाभोवतीच्या कवटीच्या हाडाचा) सीटी स्कॅन, आणि डिस्चार्ज कार्ड. खासगी अहवाल जोडले तरी मंडळ स्वतःची तपासणी करतेच. पण जुने अहवाल आणि नवे आकडे जुळत असतील तर शंकेला जागा राहत नाही.

अर्ज 2021 च्या जूनपासून केवळ ऑनलाइन, केंद्राच्या स्वावलंबन म्हणजे यूडीआयडी (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) पोर्टलवर होतो. स्वतः भरा किंवा सेवा केंद्रातून भरून घ्या. नाव आधारवर आहे अक्षरशः तसेच लिहा. अर्ज अडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे. दोषाच्या प्रकारात श्रवणदोष निवडा, राहत्या जिल्ह्यातले किंवा जिथे उपचार सुरू आहेत ते रुग्णालय निवडा, कागद अपलोड करा. शेवटी नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. मोबाइल क्रमांक घरातलाच द्या, सेवा केंद्रवाल्याचा नको. तपासणीचा निरोप त्याच क्रमांकावर येतो.

तपासणीला जाताना कान कोरडा असणे फार महत्त्वाचे. पू येत असताना ऑडिओमेट्री केली तर आकडे खरे राहत नाहीत आणि तज्ज्ञ बहुधा पुढची तारीख देतात. चार-पाच आठवडे आधीच डॉक्टरांना दाखवून कान साफ करून घ्या, पाणी जाऊ देऊ नका, मनाने थेंब घालू नका. श्रवणयंत्र सोबत न्या. चाचणी ते काढूनच होईल.

ऑडिओग्राम हातात आला की मास्किंग, म्हणजे एका कानाची चाचणी घेताना दुसऱ्या कानात गोंगाट सोडून तो गुंतवणे, केले आहे का ते पाहा. हवेच्या आलेखात उजव्या कानासाठी गोल आणि डाव्यासाठी फुली म्हणजे मास्किंगविना घेतलेली नोंद. त्रिकोण आणि चौकोन म्हणजे मास्किंगसह. मास्किंग नसेल तर खराब कानात दिलेला आवाज चांगला कानच ऐकतो आणि खराब कान आहे त्यापेक्षा बरा दिसतो. दोन्ही कानांत हाडांचा दोष असेल तर मास्किंग करणेही अवघड होते, म्हणून अनुभवी ऑडिओलॉजिस्टकडची चाचणी महत्त्वाची. उत्तरे जुळत नाहीत असे वाटले तर बेरा किंवा एएसएसआर (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद यंत्राने मोजणारी) चाचणी सांगतात. लहान मुलांतही याच चाचण्या उपयोगी पडतात. मुद्दाम कमी ऐकू येते असे दाखवले तर ते इथे उघडे पडते, आणि फसवून लाभ घेतल्यास कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

2024 च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. अर्ज करून तपासणीला गेलाच नाहीत तर दोन वर्षांनी तो निष्क्रिय होतो आणि नव्याने भरावा लागतो. यूडीआयडी कार्ड 40 टक्क्यांखाली पांढरे, 40 ते 80 पर्यंत पिवळे, 80 आणि पुढे निळे. पांढऱ्या कार्डावर सरकारी नोकरीतले आरक्षण मिळत नाही. तिथे बहिऱ्या आणि ऐकण्यास कमी असलेल्यांसाठी एकूण 4 टक्क्यांपैकी 1 टक्का जागा आहेत, त्या 40 टक्क्यांपासून पुढच्यांना.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मिळाले पाहिजे. ते न घेता परतू नका, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून असते. निर्णय पटला नाही तर 90 दिवसांत अपील करता येते, आणि त्यासोबत कोरड्या कानाचा, मास्किंगसह काढलेला नवा ऑडिओग्राम जोडणे उत्तम. नामंजुरीचे कारण 'शस्त्रक्रिया शक्य' असे असेल, तर मात्र अपिलापेक्षा शस्त्रक्रियेचा निर्णय आधी घ्या. ती करायची नसेल किंवा प्रकृतीमुळे करता येत नसेल, तर तसे तज्ज्ञाचे लेखी मत घेऊन मगच पुन्हा अर्ज करा.